मौनाच्या दिवशी आलेली हाक

भुईगावच्या बॅप्टिस्टबाबांचं तोंड वर्षातून एकदाच बंद असतं, आणि तेव्हा सगळं घर जरा धास्तावूनच वावरतं. एरवी बोलण्यात म्हातारा कुणाला हार जाणारा नाही. केळीला खत कधी घालावं इथपासून नव्या फादरांचं प्रवचन नेमकं कुठे लांबलं इथपर्यंत सगळ्यात त्यांचं मत असतं, आणि ते न विचारता मिळतं. फाटकाशी उभं राहून कुणी "कोन हाय का?" म्हणालं, की ती हाक पुरी व्हायच्या आत पडवीतल्या खुर्चीवरून "हाय, हाय! या!" असं उत्तर जातं. मग तो भंगारवाला असो की जावई. हाकेला ओ न देणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं, असा त्यांचा हिशेब.

पण गुड फ्रायडेच्या दुपारी तीन वाजले, की बाबा गप्प. ते शनिवारी संध्याकाळी देवळातल्या पुनरुत्थानाच्या मिस्सेत घंटा वाजतील तेव्हाच तोंड उघडायचं. हा नवस त्यांनी बेसिलसाठी केला होता. बेसिल, त्यांचा एकुलता एक मुलगा, चार वर्षांचा असताना तापानं फणफणला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. मुलगा वाचला. तेव्हापासून आजतागायत नवस मोडलेला नाही. आता बेसिल बोटीवर इंजिनिअर आहे, त्याचे केस पिकायला लागलेत, तरी म्हाताऱ्याच्या मनात तो अजून त्या तापातच आहे.

नवस एकट्याचा असला तरी त्याचा जाच सगळ्यांना. आदल्या दिवशी, आज्ञा गुरुवारची मिस्सा करून आलं, की बाबा टीव्हीवर जांभळं कापड टाकत आणि त्या कोपऱ्यातल्या सगळ्या वायरी उपटत. टीव्ही नाही, गाणी नाहीत, इंटरनेट नाही. गेल्या वर्षी नात सँड्रानं कापडाखाली हात घालून वायफाय हळूच परत लावलं होतं आणि गुड फ्रायडेला न्हाणीघरात बसून मोबाइलवर काहीबाही बघितलं होतं. ते बाबांना कळलं. घंटा वाजल्यावर ते जे बोलत सुटले ते थेट सोमवारपर्यंत. त्यामुळे यंदा त्यांनी काही वेगळा बंदोबस्त केला असेल, हे खरं तर कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं.

पण सुनेला, ग्रेसीला, यंदा टीव्हीच्या कोपऱ्याकडे बघायलासुद्धा सवड नव्हती. तिचा सगळा जीव मागच्या शेडमध्ये होता.

ग्रेसीनं शाळेतली नोकरी सोडून गावठी कोंबड्यांची पिल्लं उबवायचा धंदा काढला होता. अंडी उबवण्याची सहा मोठी मशीनं, नवा पत्रा, नवी वायरिंग. पावसाळ्यात पहिली खेप वाया गेली, नंतर दुसरी गेली. त्या वेळी बेसिल फोनवर म्हणाला होता, "अजून एकदा कर. नाही जमलं तर शेड बंद करू, तू शाळेत परत जा, कुणी तुला नावं ठेवणार नाही." नवऱ्याचं हे समजूतदार बोलणंच तिला जास्त लागलं होतं. ही तिसरी खेप. ईस्टरच्या दिवशी पिल्लं फुटायची होती. आसपासच्या वाड्यांमधल्या बायका सोमवारी टोपल्या घेऊन येणार होत्या.

पहिल्या दोन खेपा बिघडल्या त्या मशीनांच्या मेंदूमुळे. प्रत्येक मशीनमध्ये ऊब, ओल आणि पंखा सांभाळणारा तळहाताएवढा एक बोर्ड असतो. त्याचा प्रोग्रॅम एका इवल्याशा मेमरी कार्डावर असे, आणि आतल्या वाफेनं ती कार्डं सडत. मग ग्रेसीला विनिता सापडली. एव्हरशाईन सिटीत राहणारी, वालीवच्या एका छोट्या कारखान्यात असले बोर्ड बनवणारी, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. तिनं कार्डं काढूनच टाकली.

"बोर्डात आता काहीच ठेवायचं नाही," ती म्हणाली होती. "त्याला फक्त एक गोष्ट शिकवायची. करंट आला की वायरीवरून हाक मारायची. घरात, कोरड्या जागी, एक डबा ठेवू. तो ओ देईल आणि सगळा प्रोग्रॅम पाठवील. तो घेतला, की बोर्ड कामाला लागला. हाक मारायला शिकवणाऱ्या त्या एवढ्याशा प्रोग्रॅमला बूट लोडर म्हणतात."

डबा टीव्हीच्या कोपऱ्यात बसला, वायफायच्या शेजारी, आणि शेडपर्यंत वायर गेली. बोर्डांच्या छोट्या स्क्रीनवर आधी सगळं इंग्रजीत उमटायचं. ग्रेसी म्हणाली, मराठीत कर बाई. विनितानं पडवीतल्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमच्याकडे दारात आलेला माणूस काय म्हणतो?"

"काय म्हननार? 'कोन हाय का?' म्हनतो."

"आणि तुम्ही?"

"मी म्हनतो, हाय!"

तेव्हापासून करंट गेला-आला, की सहाही स्क्रीनवर "कुणी आहे का?" असं उमटे, पुढे एकेक टिंब वाढत जाई, आणि मग लगेच "आहे" असं येऊन मशीन सुरू होई. बाबांना ह्या गोष्टीचा भारी अभिमान. पाहुण्यांना ते मुद्दाम शेडमध्ये नेऊन दाखवत. मात्र ओ देणारा तो कोण आणि कुठे बसतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या लेखी मशीनच मशीनशी बोलत होतं.

पवित्र शनिवारी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, लाइट गेली. गेली म्हणजे डोळ्याचं पातं लवावं एवढीच. पंखा मंदावून परत फिरू लागला. ग्रेसीनं सवयीनं शेडमध्ये डोकावून बघितलं.

सहाही स्क्रीनवर लिहिलेलं होतं, "कुणी आहे का?" पुढे टिंबं. टिंबं संपली, स्क्रीन पुसला, पुन्हा "कुणी आहे का?"

तिनं थोडं थांबून पाहिलं. "आहे" काही येईना. मशीनांचे पंखे बंद. एरवी ज्या घरघरीनं शेड भरलेली असे ती नाही. त्या शांततेत तिला एक आवाज ऐकू आला. अंड्यांच्या आतून बारीक चिवचिव येत होती. पिल्लं चोच मारायला लागली होती.

ह्याहून वाईट वेळ नव्हती. एप्रिलचा उन्हाळा, म्हणजे ऊब लगेच उतरणार नाही. पण पंखा बंद म्हणजे हवा बंद. दार लावून ठेवावं तर आतली पिल्लं गुदमरणार. उघडावं तर ओल निघून जाणार, आतला पापुद्रा सुकणार आणि अर्धवट फुटलेलं पिल्लू टरफलाला चिकटून मरणार. दोन्हीकडून मरणच.

"सँड्रा!" ती ओरडली. "जुन्या साड्या भिजवून आण! असतील नसतील तेवढ्या!"

मायलेकींनी मशीनांची दारं किलकिली केली, समोर ओल्या साड्या टांगल्या. सँड्रा पुठ्ठा घेऊन वारा घालू लागली आणि ग्रेसी मोबाइल घेऊन धावली. केळीच्या वाडीत नेटवर्क येत नाही, घरात सगळा कारभार वायफायवर आणि वायफाय तर गुरुवारीच बंद झालेलं. फोन करायचा तर फाटकापाशी, पडवीच्या कठड्याला टेकून उभं राहावं लागतं. तिथेच पलीकडे खुर्चीत बाबा जपमाळ घेऊन, डोळे मिटून बसले होते.

"स्क्रीनवर काय आहे?" विनितानं पहिल्याच वाक्यात विचारलं. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

"कुणी आहे का, कुणी आहे का! नुसतं तेच!"

"मग बोर्ड चांगले आहेत. ते हाक मारतायत, डबा ओ देत नाही. डबा बंद पडला असेल. टीव्हीच्या मागे बघा."

ग्रेसी आत पळाली. जांभळं कापड वर केलं. खाली टीव्ही होता, धूळ होती, गेल्या नाताळातला एक कागदी तारा होता. वायफाय नव्हतं. डबा नव्हता. नुसत्या उपटलेल्या वायरी लोंबत होत्या.

ती बाहेर आली. "बाबा, टीव्हीपाशी होता तो वायफायचा डबा कुठाय?"

बाबांनी एक डोळा उघडला. सुनेकडे पाहिलं. पवित्र शनिवारी, घंटा वाजायच्या आधी, हिला इंटरनेट हवं! त्यांनी तो डोळा मिटला आणि जपमाळेचा पुढचा मणी ओढला. ओठ असे घट्ट आवळले, की आता त्यांच्यापुढे पोपसाहेब आले असते तरी काही उपयोग नव्हता.

ग्रेसीला रडू फुटायचंच बाकी होतं. तिनं फोन पुन्हा कानाला लावला आणि नीट ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला. "विनिता, डबाच जागेवर नाही! पण काल मशीनं चालू होती गं. परवा, गुरुवारी रात्री, सगळं ठणठणीत!"

"असणारच," विनिताचा आवाज पडवीभर घुमला. "एकदा प्रोग्रॅम मिळाला, की तो बोर्डांच्या डोक्यात राहतो. मग डबा असला काय नि नसला काय, त्यांना पत्ताही लागत नाही. पण करंट क्षणभर जरी गेला, की डोकं कोरं. मग बिचारे पुन्हा दारात उभे. डबा कुणीतरी आधीच काढलाय, गुरुवारी नाहीतर शुक्रवारी. कळलं आज."

"तुझ्याकडून काही नाही का होणार?"

"होईल. माझा लॅपटॉप त्या डब्याच्या जागी ओ देऊ शकतो. पण मी कामणला आहे, एका गोदामात, आणि हायवे तुंबलाय. निघतेच. पण मी येईपर्यंत अंडी दम धरतील?"

"नाही धरणार." ग्रेसीचा आवाज फाटला. "चोची मारतायत गं ती. आतून ओरडतायत. ही खेप गेली तर माझी शेड गेली."

"मग डबा शोधा, ग्रेसीताई. एवढंच आहे. सहाच्या सहा बोर्ड जिवाच्या आकांतानं हाका मारतायत, आणि जो ओ देणार त्यालाच कुणीतरी उचलून ठेवलंय."

खुर्ची करकरली.

ग्रेसीनं वळून पाहिलं तर बाबा उभे राहिले होते. जपमाळ खाली पडली होती आणि ती त्यांनी उचलली नाही. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत ते आतल्या खोलीत गेले. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या छातीशी एक गाठोडं होतं, जांभळ्या कापडात बांधलेलं. गाठ त्यांनाच सुटेना, म्हणून ग्रेसीनं ती दातानं ओढली. आत वायफाय आणि डबा, आणि डबा फुटू नये म्हणून मध्ये दुमडून ठेवलेला त्यांचा मिस्सेला जायचा चांगला सदरा.

ग्रेसीनं डबा उचलून घेतला.

"मिळाला!" ती फोनमध्ये ओरडली.

"शेडकडून आलेली वायर पिवळी आहे. ती डब्यात. मग करंट. डब्याला जागं व्हायला थोडा वेळ लागतो, घाबरू नका. बोर्ड कंटाळत नाहीत, ते हाक मारतच राहतील."

पिवळी वायर बसली. बटण दाबलं. डब्यावर एक लाल ठिपका लागला आणि तसाच राहिला. ग्रेसी शेडकडे धावली, मागून काठी टेकत बाबाही निघाले.

शेडमध्ये ओल्या साड्यांचा नि अंड्यांचा वास कोंडला होता. सँड्रा घामानं निथळत वारा घालत होती. स्क्रीनवर तेच. "कुणी आहे का?" टिंब, टिंब, टिंब. पुसलं. "कुणी आहे का?" अंड्यांमधली चिवचिव मघापेक्षा कमी झाली होती. एका मशीनमधून तर काहीच ऐकू येईना. ग्रेसी त्याच मशीनच्या काचेला कपाळ टेकून उभी राहिली. तिला प्रार्थना सुचेना. येईना, येईना, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बाबा मधोमध उभे होते. सहा स्क्रीन, सहाही त्यांच्याकडे बघून विचारतायत, त्यांचाच शब्द, त्यांनीच शिकवलेला. पुन्हा पुसलं, पुन्हा विचारलं. आयुष्यात कुणाला एवढा वेळ दारात उभं केलं नव्हतं त्या माणसानं. ओठ हलले. आणि सगळी शेड दणाणली.

"हाय रे बाबा, हाय! थांब, जाऊ नको! हाय आमी!"

सँड्राच्या हातातून पुठ्ठा पडला. ग्रेसीनं दचकून मागे पाहिलं. म्हाताऱ्यानं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला होता आणि त्यांचे डोळे भीतीनं मोठे झाले होते.

पहिल्या स्क्रीनवर "आहे" उमटलं. मग तिसऱ्यावर. मग एकदम दोन-तीनांवर, आणि शेवटी ग्रेसीच्या कपाळासमोरच्या त्या गप्प मशीनवर. एक बारीक पट्टी भरत गेली. टक् झालं. पंखा हलला, अडखळला आणि घरघरत फिरू लागला. मग दुसरा, मग सगळे. ग्रेसी मटकन खाली बसली आणि ओल्या साडीत तोंड खुपसून रडली. असं मोकळं रडणं तिला पहिल्या दोन खेपांनाही जमलं नव्हतं.

"आई, ऐक," सँड्रा म्हणाली.

गप्प मशीनमधून एक बारीक चिव आली. मग दुसरी. मग मोजता येऊ नयेत इतक्या.

"बाबा," ग्रेसी डोळे पुसत हसली, "तुम्ही ओ दिलीत म्हणून आले हो सगळे."

पण बाबा हसले नाहीत. ते पोत्यांच्या थप्पीवर बसले होते, तोंडावरचा हात अजून तसाच. मग त्यांनी तो काढला. मोडलेला नवस आता काही परत जुळणार नव्हता.

"ग्रेसी. बेसिल कुटं हाय आता?"

"बोटीवर, बाबा. सिंगापूरच्या जवळपास."

"माजं मौन मोडलं. त्याच्यासाटी होतं ते." आवाज अगदी लहान झाला होता. "ते वायफाय लाव. त्याला फोन लाव."

पवित्र शनिवारी, घंटा वाजायच्या आधी, बॅप्टिस्टबाबांच्या तोंडून हे ऐकून सँड्रा काही बोलणार होती, पण आईनं डोळे वटारले. तिनं घरात जाऊन वायफाय लावलं. फोन बाबांनी स्वतःच्या हातात घेतला, दोन्ही हातांनी, कानापासून दूर, मशीनांच्या स्क्रीनकडे बघावं तसा. रिंग वाजत राहिली. वाजून वाजून बंद पडली.

"कामावर असेल," ग्रेसी म्हणाली.

"परत लाव."

"बाबा, थोड्या वेळानं..."

"ती मशीनं कंटाळली का? परत लाव."

दुसऱ्यांदा रिंग गेली. बाबांचे ओठ आत ओढले गेले होते. मागे सहा मशीनं घरघरत होती आणि अंडी चिवचिवत होती, आणि त्या गलबल्यातही फोनची ती रिंग ग्रेसीला छातीत ऐकू येत होती. मग खरखर झाली. पुढे नुसताच समुद्राच्या वाऱ्यासारखा आवाज.

"बेसिल?" म्हातारा ओरडला. "बेसिल, हाय का रे?"

मग, इंजिनाच्या धडधडीवरून, अगदी स्पष्ट आवाज आला.

"आहे, बाबा. आहे मी. काय झालं? आज तुम्ही बोलताय कसे?"

बाबांनी नुसतीच मान हलवली, जशी काही ती बोटीवर दिसणार होती. मग उठून त्यांनी फोन मशीनच्या फटीशी धरला आणि आतली चिवचिव मुलाला ऐकवली.

विनिता लॅपटॉप घेऊन पोचली तेव्हा पडवीत चहा चालला होता. तिनं मशीनं तपासली, आणि पुढच्या वेळी पंख्याला हातानं लावायचं वेगळं बटण ठेवीन असं कबूल केलं, कारण ग्रेसीनं ते वदवूनच घेतलं. डबा आता घरातल्या देवाच्या आल्तारशेजारी, फळीवर बसला होता. बाबांनीच तिथे ठेवायला लावला.

"बाबा, काय म्हणताय?" विनितानं विचारलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि देवळाच्या दिशेनं हात केला. घंटा अजून वाजायची होती. राहिलेला नवस ते पुरा करत होते.